साठवण आणि जतन

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वसईच्या जुन्या घराची कौले उतरवून नवे छप्पर घालायचे ठरले. त्यानिमित्ताने माळा रिकामा करावा लागला. मोडका पाळणा, पितळेचा हंडा, भात मोजायची पायली अशा वस्तूंबरोबर पत्र्याची एक पेटीही खाली आली. पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेल्या पाच व्हिडिओ कॅसेट होत्या. त्यांतील एकीच्या पाठीवर आमच्याच हस्ताक्षरात थोरल्या बंधूंच्या लग्नाचा महिना व साल होते : मे १९८९. बंधूंची धाकटी मुलगी ती कॅसेट हातात घेऊन उलटसुलट पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "काका, ह्यात आजीचा आवाज असेल का?"

आमची आई २०११ साली देवाघरी गेली. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात म्हणायची पिढीजात गाणी तिला तोंडपाठ होती. गावात कुठेही लग्न निघाले की तिला हटकून बोलावणे येई. बंधूंच्या लग्नातील त्या रात्रीचे चित्रण कॅसेटमध्ये आहे, एवढे आम्हांला पक्के ठाऊक होते. म्हणून "असेल की!" असे उत्तर आम्ही देऊन टाकले. परंतु तो आवाज ऐकण्याचे साधन घरात नव्हते. आमचा व्ही.सी.आर. कधीच भंगारवाल्याकडे गेला होता. बावीस वर्षे आईच्या हयातीत आणि त्यानंतरही आम्ही ती कॅसेट जपून ठेवली होती आणि जिच्यासाठी ती जपली ती गोष्ट मात्र आमच्या हाती लागत नव्हती. जपून ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यापुढे उभा राहिला. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांच्या माळ्यांवर आणि कपाटांत हा प्रश्न आज धूळ खात पडला असेल, अशी आमची खात्री आहे.

ह्या कॅसेटचा इतिहास फार जुना नाही. जपानच्या सोनी कंपनीने १९७५ साली 'बीटामॅक्स' ही घरगुती व्हिडिओ कॅसेट बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, जे.व्ही.सी. ह्या दुसऱ्या जपानी कंपनीने 'व्ही.एच.एस.' आणली. दोहोंची फीत अर्धा इंच रुंदीची, दोहोंचे तत्त्व एकच. पण एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात चालत नसे. बीटामॅक्सचे चित्र काकणभर सरस होते असे जाणकार सांगतात. तथापि प्रारंभीच्या बीटामॅक्स कॅसेटवर एकच तास चित्रण मावे, तर व्ही.एच.एस.वर दोन तास. संपूर्ण चित्रपट एका कॅसेटमध्ये बसणे ही घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. शिवाय व्ही.एच.एस.ची यंत्रे इतर अनेक कंपन्याही बनवू लागल्या. त्यामुळे ती अधिक प्रमाणात आणि स्वस्तात मिळू लागली. जिची यंत्रे अधिक, तिच्याच कॅसेट दुकानदार भाड्याने ठेवणार. आणि जिच्या कॅसेट भाड्याने मिळतात, तिचेच यंत्र लोक घेणार. हे चक्र एकदा सुरू झाले की चित्राच्या सरसपणाला कोण विचारतो?

मधल्या काळात इतरांनीही नशीब अजमावून पाहिले. तबकडीवरून चित्र दाखवणारी 'लेझरडिस्क' १९७८ साली अमेरिकेत विक्रीस आली. फिलिप्स कंपनीने १९७९ मध्ये 'व्हिडिओ २०००' नावाची, दोन्ही बाजूंनी चालणारी कॅसेट काढली. ती काही वर्षांतच मागे पडली. अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीने १९८१ मध्ये सुईने वाचली जाणारी व्हिडिओ तबकडी आणली आणि १९८४ मध्ये प्रचंड तोटा सोसून तिची यंत्रे बनवणे थांबवले. त्याच १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला, की दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करून ठेवणे हा गुन्हा नव्हे. ज्या सोनीच्या बीटामॅक्सवरून हा खटला गाजला, त्या सोनीनेच १९८८ साली व्ही.एच.एस. यंत्रे बनवायचे जाहीर करून एका अर्थाने पराभव मान्य केला.

आपल्याकडे १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि त्यापाठोपाठ व्हिडिओही घराघरांत शिरला. आखाती देशांत नोकरीला गेलेले आपले भाऊबंद सुटीवर येताना व्ही.सी.आर. घेऊन येत. ज्यांना तो परवडत नसे, ते रात्रभरासाठी टी.व्ही.सकट भाड्याने आणत आणि अंगणात चटया पसरून अवघी आळी तीन-तीन चित्रपट एका बैठकीत पाही. लग्नाला फोटोवाल्याबरोबर व्हिडिओवालाही येऊ लागला. चर्चमध्ये विवाहसंस्कार चालू असताना त्याच्या प्रखर दिव्याने वधूवर घामाघूम होत. पण ती आठवण आता कायमची झाली, ह्या विचाराने सारे खूश असत. 'कायमची' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण खरा प्रश्न तेथेच आहे.

विजेत्याचे राज्यही टिकले नाही. १९९३ मध्ये व्ही.सी.डी.चे तंत्र निश्चित झाले आणि पुढे काही वर्षे आपल्याकडे घरोघरी तिचाच बोलबाला होता. मध्येच उठून दुसरी तबकडी घालायची कामगिरी अनेकांनी बालपणी पार पाडली असेल. १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये डी.व्ही.डी. अवतरली. पुढे तिच्याही वारसांमध्ये भांडण जुंपले आणि २००८ साली तोशिबा कंपनीने एच.डी.डी.व्ही.डी.चा नाद सोडून ब्लू-रेला मैदान मोकळे करून दिले. तोवर लोक तबकड्यांकडेच पाठ फिरवू लागले होते. २०१६ च्या मार्चमध्ये सोनीने बीटामॅक्स कॅसेटची विक्री थांबवली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये फुनाई ह्या जपानी कंपनीने व्ही.एच.एस. यंत्रांचे उत्पादन बंद केले. अशी यंत्रे बनवणारी ती अखेरची कंपनी होती. हरलेल्याची कॅसेट आणि जिंकलेल्याचे यंत्र एकाच वर्षी इतिहासजमा झाले.

ह्यात कोणाचा दोष? कारखानदाराने एकदा विकलेल्या वस्तूसाठी अनंत काळपर्यंत यंत्रे बनवत राहावे, असे आपण म्हणू शकत नाही. बैलगाडीची चाके करणाऱ्या सुतारालाही आपण तसे बांधून ठेवले नाही. तरीही एक फरक आहे. चाक गेले की गाडी थांबते, पण गाडीतून आणलेले धान्य कोठारात सुरक्षित असते. येथे यंत्राबरोबर धान्यही जाते. कॅसेट, ती वाचणारे यंत्र आणि ते यंत्र दुरुस्त करणारा माणूस, ह्या तिघांपैकी एक गेला की उरलेल्या दोघांचा उपयोग नाही. त्यात वसईसारख्या किनारपट्टीची दमट हवा. फितीवरील चुंबकीय कणांचा लेप ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो, ते द्रव्य ओलावा शोषते, लेप सुटू लागतो आणि फितीच्या कडेने पांढरी बुरशी चढते. युनेस्कोच्या पुढाकाराने २०१९ साली ह्याबाबत जगाला इशारा देण्यात आला. चुंबकीय फितींवरचा ठेवा वाचवायचा असेल तर २०२५ च्या सुमारापर्यंतच हात-पाय हलवले पाहिजेत, असे तज्ज्ञांचे मत त्यात मांडले होते. ती वेळ येऊन ठेपली आणि आमची कॅसेट अजून पेटीतच होती.

टिकाऊपणाच्या बाबतीत इंग्लंडमधील एक हकीकत फार बोलकी आहे. विल्यम राजाने १०८६ साली आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची पाहणी करवून तिची नोंद मेंढीच्या कातड्यावर लॅटिन भाषेत लिहवून घेतली. तिला 'डूम्सडे बुक' म्हणतात. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बी.बी.सी.ने नव्या युगाची डूम्सडे नोंद तयार केली. देशभरच्या शाळांतील मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहिली, छायाचित्रे काढली. दहा लाखांहून अधिक लोकांचा तिला हातभार लागला. हे सर्व लेझरडिस्कच्या एका खास प्रकारावर साठवण्यात आले आणि ते पाहण्यासाठी खास संगणक व खास यंत्र लागे. पंधरा-सोळा वर्षांतच अशी वेळ आली, की ९०० वर्षांपूर्वीचे कातड्यावरील लेखन कोणीही लॅटिन जाणणारा वाचू शके, परंतु १९८६ ची तबकडी वाचायला चालू स्थितीतील यंत्र मिळणे दुरापास्त झाले. पुढे लीड्स व मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २००२ साली ती आधुनिक संगणकावर वाचून दाखवली. २०११ मध्ये मुलांनी गोळा केलेली माहिती संकेतस्थळावर लोकांसमोर आली, आणि २०१८ मध्ये ते संकेतस्थळही बंद होऊन त्याची प्रत तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेली.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, जुने ते सोने. कातडे टिकते, तबकडी टिकत नाही. आम्हांला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. डूम्सडे बुक केवळ कातड्याच्या बळावर टिकले नाही. शतकानुशतके ते सांभाळणारे, पुन्हा पुन्हा बांधणारे आणि वाचणारे लोक होते. १७८३ साली ते छापलेही गेले. मुलांची तबकडी वाचली तीसुद्धा कोणीतरी वेळीच धावून आले म्हणून. त्यांनी तिची प्रत केली, आणि ती प्रत जुनी होऊ लागली तेव्हा पुन्हा कोणीतरी पुढची प्रत केली.

आपल्या घरातलाच दाखला घ्यायचा तर 'ख्रिस्तपुराणा'चा घेता येईल. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचा सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापला गेला. छपाई हे त्या काळचे नवेकोरे तंत्र होते. त्यानंतर १६४९ आणि १६५४ साली तो पुन्हा छापला गेला. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले, कुटुंबे परागंदा झाली. पण भाविकांनी त्या ओव्या हाताने उतरवून घेतल्या, म्हटल्या आणि मुलांना दिल्या. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूरला हा ग्रंथ पुन्हा छापला. नव्या तंत्राने काढलेल्या प्रती नाहीशा झाल्या आणि ज्या प्रतींमागे म्हणणारा गळा व लिहिणारा हात होता, त्या उरल्या. आज आपण ख्रिस्तपुराण वाचतो ते त्या अनामिक नकलकारांच्या कृपेने.

म्हणून आम्हांला साठवण आणि जतन ह्या दोन शब्दांत भेद करावासा वाटतो. साठवण एकदाच करता येते. वस्तू पेटीत ठेवली, कुलूप घातले, माळ्यावर चढवली की काम संपले. जतनाचे काम संपत नाही. ते दर पिढीला, किंबहुना दर काही वर्षांनी नव्याने अंगावर घ्यावे लागते आणि ते आपल्यानंतर कोण घेईल ह्याची सोयही पाहावी लागते. साठवणीला जागा लागते; जतनाला वारस लागतो. व्हिडिओचे तंत्र आपल्याला साठवण देत होते आणि आपण ते जतन आहे असे समजून निश्चिंत झालो.

ही निश्चिंती नवी नाही. प्लेटोच्या 'फीड्रस' ह्या संवादात सॉक्रेटिस एक कथा सांगतो. एक देव इजिप्तच्या राजाकडे लेखनकलेची देणगी घेऊन जातो आणि तिच्यामुळे लोकांची स्मृती वाढेल असे म्हणतो. राजा उलट म्हणतो, की लोक बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि आतून आठवायचे सोडून देतील. राजाचे म्हणणे सर्वस्वी मान्य करण्याचे कारण नाही. लेखन नसते तर ही कथाही आपल्यापर्यंत आली नसती. पण त्यात एक नैतिक इशारा आहे. साधनावर भार टाकला की माणसाला आपल्या जबाबदारीतून सुटल्यासारखे वाटते.

आमचा अपराध नेमका हाच आहे, आणि तो येथे कबूल केला पाहिजे. १९८९ ते २०११ अशी बावीस वर्षे आई आमच्याबरोबर होती. गाणी तिच्या ओठांवर होती. त्या काळात घरातल्या एकाही मुलाने वा सुनेने तिच्याजवळ बसून एखादे गाणे उतरवून घेतले नाही. कोणी विषय काढलाच तर आम्हीच म्हणत असू, "कॅसेटमध्ये सगळे आहे." कॅसेट पेटीत होती म्हणून आईजवळ बसण्याची गरज आम्हांला वाटली नाही.

ह्यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. सगळेच कशासाठी जपायचे? विसरणे हीही परमेश्वराची देणगीच. जुनी भांडणे, जुने अपमान विसरता आले नसते तर घरे नांदली नसती. प्रत्येक लग्नाची, प्रत्येक वाढदिवसाची तीन तासांची कॅसेट पुढच्या पिढीच्या माथी मारणे हा एक प्रकारचा जुलूमच होईल. हे आम्हांला मान्य आहे. जतन करायचे म्हणजे निवड करायची, आणि निवड करायची म्हणजे काही सोडून द्यायचे. परंतु सोडून देण्याआधी ती वस्तू काय आहे हे कोणीतरी पाहिले पाहिजे. न पाहता, न निवडता माळ्यावर कुजू देणे ह्याला विसरणे म्हणता येणार नाही. ती हेळसांड होय. आणि मृतांच्या बाबतीत हेळसांड अधिक गंभीर ठरते, कारण ते तक्रार करू शकत नाहीत.

पुष्कळ शोधाशोध केल्यावर असे एक गृहस्थ भेटले, ज्यांच्याकडे दोन व्ही.सी.आर. अजून चालू स्थितीत होते. एक बिघडला तर त्याचे भाग दुसऱ्याला लावता यावेत म्हणून दोन, असे त्यांनी सांगितले. त्यांनी फितीवरची बुरशी हळूहळू पुसली आणि पंधरा दिवसांनी कॅसेटची प्रत संगणकावर करून दिली. एका रविवारी दुपारी सारे घर टी.व्ही.समोर बसले. चौऱ्याऐंशी वर्षांची मावशीही मुद्दाम आली होती. चित्राच्या कडा हिरवट झाल्या होत्या, मधूनच पांढऱ्या रेघा धावत होत्या. पण मांडव आला, गॅसबत्त्या आल्या आणि लाल लुगड्यातली आई दिसली. तिचे ओठ हलत होते, हात ताल धरत होता, आणि ऐकू येत होते एक हिंदी चित्रपटगीत.

त्या काळी व्हिडिओवाले चित्रणावर अशी गाणी चढवून देत, हे आम्ही साफ विसरलो होतो. मूळ आवाज पुसला गेला होता. त्यांना दोष देता येत नाही. कोणती गाणी घालायची त्याची यादी आम्हीच लिहून दिली होती. मांडवातली जुनी गाणी तेव्हा आम्हांला जरा गावंढळ वाटत असत. पुतणीने आमच्याकडे पाहिले. तिला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तेवढ्यात मावशी म्हणाली, "आवाज बंद करा रे त्याचा." आवाज बंद केला. ती पडद्याच्या जवळ सरकली. आईच्या मागे बसलेल्या बायकांत ती स्वतःही होती. बहिणीच्या हाताचा ताल आणि ओठांची हालचाल क्षणभर निरखून ती म्हणाली, "हे न्हाऊ घालायच्या वेळचं. दुसरं कडवं चाललंय." आणि थरथरत्या आवाजात तिने ते धरले. पडद्यावर आईचे ओठ हलत होते आणि खोलीत मावशीचा आवाज होता. त्या दुपारी मावशीला तीन गाणी सबंध आठवली. चौथ्याच्या दोन ओळींवर ती अडली आणि पुढचे काही केल्या आठवेना. ते चौथे गाणे आता कोणाकडेच नाही.

आजची स्थिती वेगळी आहे असे समजण्याचे कारण नाही. पूर्वी एका लग्नाची एक कॅसेट होई. आता खिशातील फोनमध्ये हजारो छायाचित्रे साठतात आणि ती दूर कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर सुखरूप आहेत, अशा विश्वासावर आपण असतो. पेटी बदलली, माळा बदलला. सवय तीच आहे. त्या फोनला आणि त्या कंपनीलाही कधीतरी आपले २०१६ पाहावे लागेलच. तोपर्यंत आपण काय निवडले, कोणाला दाखवले आणि कोणाच्या हाती सोपवले, एवढेच महत्त्वाचे ठरेल.

म्हणून वाचकांना आमची विनंती साधी आहे. घरात जुन्या कॅसेट असतील तर ह्या वर्षी त्यांतील एक तरी चालवून पाहा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून पाहा. चित्रातील माणसांची नावे त्यांच्या तोंडून ऐकून वहीत लिहून ठेवा. आणि ज्यांचा आवाज अजून घरात ऐकू येतो आहे, त्यांच्याजवळ तो आजच ऐकत बसा; यंत्राचा विचार नंतर करता येईल.

मावशीची तीन गाणी पुतणीने वहीत उतरवून घेतली. ह्या मे महिन्यात नात्यातील एका लग्नात, आदल्या रात्री, मावशीच्या शेजारी बसून तिने त्यांतील एक म्हटले. ती दोन ठिकाणी अडखळली. दोन्ही वेळा मावशीने शब्द पुढे केला आणि गाणे चालू राहिले.